शाळेतली बाग: पोरांची की माळीदादांची?

राजेंद्रनगरवाली

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि थोडी चिडून लिहितेय, सांभाळून घ्या.

माझी मुलगी पाचवीत आहे, इथेच इंदुरात, शाळेचं नाव नको. गेल्या वर्षी जुलैत शाळेने किचन गार्डन सुरू केलं, पाण्याच्या टाकीमागे बारा बाय वीस फुटांचा तुकडा. फीत कापली, नर्सरीतून तयार रोपं आणली, मग एक झारी आणि चाळीस पोरं, प्रत्येकाने झारी धरायची, फोटो काढायचा, पुढच्याला द्यायची. झारीत पाणी नव्हतंच आई, हे मला मुलीने घरी येऊन सांगितलं.

दसरा-दिवाळीच्या सुट्ट्यांत सगळं वाळून कोळ झालं. मग कोणीतरी पाहणीला येणार म्हणून माळीदादांनी एका दिवसात नवी रोपं आणून खोचली. मुलगी म्हणाली, "आमचं वांगं बदललंय. आमच्या वांग्याच्या खालच्या पानाला भोक होतं." तिने मॅडमला विचारलं तर मॅडम म्हणाल्या बेटा तेच आहे, आता मोठं झालंय. त्या दिवसापासून ती त्या बागेकडे फिरकलेली नाही.

या वर्षी पालक सभेत मी हे सगळं बोलले. आमच्याकडे म्हणतात न, जो बोले सो कुंडी खोले, तर इथे खरोखरच्याच कुंड्या गळ्यात पडल्या. आता मी आणि अजून दोन पालक, दर शनिवारी एक पिरियड, पस्तीस मिनिटं, अडतीस मुलं. आम्हा तिघांपैकी एकालाही शेतीतलं काही कळत नाही. आणि प्राचार्यांचा प्रश्न आहे की याचा कोर्सशी काय संबंध ते लिहून द्या. सुरुवात कुठून करू?

---

तगारी_फावडा

ताई मी इंदूरजवळ राऊ गावाच्या पुढे शेती करतो, तर सांगतो.

पहिली गोष्ट, जुलैत सुरू करायचंच नाही. आपली काळी माती पावसात अशी चिकटते की पोराचा एक बूट आत राहतो आणि पाय बाहेर येतो. उन्हाळ्यात तीच माती अशी फाटते की भेगेत हात जाईल. आपल्याकडे शाळेचा आणि मातीचा जमतो तो एकच हंगाम, ऑक्टोबर ते मार्च. आता सप्टेंबर संपतोय म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर विचारलंत.

क्यारी तीन फुटांपेक्षा रुंद करू नका. पोराचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचला पाहिजे, म्हणजे आत पाय ठेवायची गरजच नाही. अडतीस पोरं एकदा आत शिरली की ती क्यारी नाही, रस्ता झाला. आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करा, पाणी साचत नाही.

लावायचं काय, तर रोपं नको, बी लावा. मेथी चौथ्या पाचव्या दिवशी वर येते आणि महिन्याच्या आत कापता येते. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. धणे आधी चपलेने रगडून दोन फाका करून पेरा, तरी आठ-दहा दिवस वाट बघायला लावतात, तेही चांगलंच आहे. लसूण मात्र एका पोराला एक पाकळी, टोक वर, नाव लिहून. मार्चात परीक्षेच्या आधी त्याच पोराने आपला गड्डा उपटायचा. आपला मालवा लसणाचाच मुलूख आहे, पण शहरातल्या पोरांना लसूण फळ आहे का मूळ हे सांगता येत नाही, मी विचारून पाहिलंय.

आणि एका कोपऱ्यात हरभरा टाकाच. महिन्याने शेंडे खुडायला लावा, खुडल्यावर फांद्या जास्त फुटतात. सकाळी दव असताना पानांवर बोट फिरवून जिभेला लावायला सांगा, आंबट लागतं, पानातून आम्ल सुटतं त्याचं. आमच्या घरातल्या बायका याच्यामुळेच हरभऱ्यात चांगली साडी नेसून जात नाहीत. हा एक धडा कोर्समध्ये कुठे बसतो ते प्राचार्यांना विचारा.

---

पुणे_५२

क्यारी?? 😄 वाफा म्हणतात हो त्याला.

---

तगारी_फावडा

आमच्याकडे वाफा चहाच्या कपातून निघतात भिया.

---

हिशोबनीस

थोडं कडू लिहितो, राग मानू नये.

मी देपालपूरकडच्या गावांत अकरा वर्षं शिकवलंय. सोयाबीन काढणीच्या दिवसांत माझा अर्धा वर्ग शेतात असायचा. असा पोरगा दहा दिवसांनी शाळेत येतो, हाताला चिरा पडलेल्या, आणि आपण त्याच्या हातात कुदळ देऊन म्हणणार चल बाळा निसर्गाकडून शीक! एका बापाने मला तोंडावर सांगितलं होतं, "गुरुजी, हे तर मीच शिकवतो, फुकट. तुम्ही ते शिकवा जे मला येत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही.

आणि हे आज पहिल्यांदा चाललेलं नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला परिषद भरवली, झाकिर हुसेन समिती बसली, नई तालीम आली. सात वर्षं मोफत शिक्षण, मातृभाषेतून, आणि मधोमध हाताचं काम, सूत असो की शेती. कल्पना मोठीच होती. पण हातकामाच्या कमाईतून शिक्षकाचा पगार निघावा अशीही अपेक्षा होती आणि तिथेच लोकांना पोरांना राबवून घेण्याचा वास आला. दुसरं म्हणजे साहेबांची पोरं इंग्रजी शाळेत आणि गावची पोरं टकळीवर, हे गावकऱ्यांना बरोबर कळलं. सरकारी शाळांतून ते हळूहळू गुंडाळलं गेलं. सेवाग्रामची आनंद निकेतन २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तिथे चांगलं काम आहे, पण ती एक शाळा आहे.

शहरातल्या पोरांना माती म्हणजे पिकनिक, गावच्या पोरांना मजुरी. हा फरक लक्षात ठेवून जे करायचं ते करा.

---

लोकमान्यनगरची_आजी

हिशोबनीस, तुमचं म्हणणं खरं आहे पण अर्धं. मी चौतीस वर्षं बालवाडी चालवली, आता गुडघे बोलतात आणि मी टाइप करते, नातीने शिकवलंय, चुका असतील तर असू देत.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण गुरं कोणी राखायची. तर त्या मुलांवर चिडल्या नाहीत, त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरतायत आणि शेजारी मुलं दगड, पानं, बिया मोजतायत. त्या मुलांना गुरं राखायला कोणी शिकवायची गरज नव्हती, त्यांच्या येणाऱ्या कामातून न येणारी गोष्ट काढायची होती, म्हणजे अंक, अक्षर, नाव, प्रश्न. तुमच्या त्या बापाने नेमकं हेच मागितलं होतं हो. कुदळ त्याची, मोजमाप तुमचं.

मी स्वतः बालवाडीत काय करायची ते सांगते. ओल्या फडक्यात वीस मूग, वाटीत. रोज उघडून बघायचे. तीन फुगायचेच नाहीत, दगडी मूग. मुलं त्या तीनसाठी रडायची, कोणी फुंकर घालायचं, एकाने घरी उशीखाली ठेवला होता. मी कधी गुपचूप बदलला नाही. राजेंद्रनगरवाली बाई, तुमच्या शाळेत मोडलं ते इथे, लेकराने भोक लक्षात ठेवलं होतं आणि मोठ्यांनी ते खोटं पाडलं.

---

राजेंद्रनगरवाली

आजी 🙏 हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले.

हिशोबनीस सर, आमच्या वर्गात दोन्ही प्रकारची मुलं आहेत. एक मुलगा रोज सिमरोलकडून बसने येतो, त्याचे वडील बटाटे लावतात. त्याला विचारलं तर म्हणाला मला काही येत नाही. मला वाटतं त्याला लाज वाटते.

---

हिशोबनीस

मग सुरुवात त्याच्यापासून करा. त्याला पुढे उभं करून "हा शेतकऱ्याचा मुलगा" असं बिलकुल करू नका, मरेल बिचारा. फक्त बी किती खोल पेरायचं हा प्रश्न वर्गात टाकून थांबा. उत्तर त्याच्याकडूनच येईल.

आणि कोर्सचं लिहून द्यायचं असेल तर हे घ्या, आजीबाईंच्या वाटीवरूनच सुचलं. वीस बिया ओल्या कपड्यात, पाचव्या दिवशी किती उगवल्या ते मोजा, पाचाने गुणा, झाला टक्का. पाचवीचं गणित. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, दणकून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात खाली बसते, त्यावर गाळ, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगत राहते. पट्टीने थर मोजा, भागाकार आला. क्यारीचं क्षेत्रफळ, ओळीतलं अंतर, एका ओळीत पाकळ्या किती, हे सगळं पुस्तकात आहेच, फक्त तिथे आयत असतो.

---

कवायत_मास्तर

बरणीचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. ज्यांनी मध्यप्रदेशात शाळा केली त्यांना होशंगाबाद विज्ञान, म्हणजे प्रयोगातून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम, आठवत असेल. १९७२ मध्ये सोळा शाळांतून सुरू झालं, सहावी ते आठवी, नंतर एकलव्य संस्थेने पुढे नेलं आणि बऱ्याच जिल्ह्यांत पसरलं. मी त्यात शिकलोय, देवासकडे. शेतात जाऊन पानं, मुळं, किडे गोळा करून आणायचे आणि टोळीने बसून तपासायचे, उत्तर पुस्तकात नसायचंच, वहीत आपलं आपणच लिहायचं. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती, कारण पुस्तकात उत्तर नव्हतंच न. २००२ मध्ये सरकारने बंद केलं.

आमच्या टोळीने एकदा लिहिलं होतं की गव्हाला फूल येत नाही. सरांनी चूक म्हटलं नाही, भिंग दिलं आणि म्हणाले उद्या सकाळी परत जा. ओंबीतून लोंबणारे ते पिवळे कण पाहिले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, आता माझी पन्नाशी आली.

---

विजयनगर_मॉम

सगळं छान आहे पण एक विचारू? साप निघाला तर? डेंग्यू? माझ्या मुलाला धुळीची ॲलर्जी आहे. फी भरून मी त्याला माती उपसायला पाठवत नाही, सॉरी.

---

लोकमान्यनगरची_आजी

सॉरी कशाला, आईने हे विचारायलाच हवं. टाकीमागचं गवत आधी काढा, विटांचे ढीग हलवा. पाणी कुठे साचू देऊ नका, कुंड्यांखालच्या बशा फेकाच. धोतरा, कण्हेर लावायचे नाहीत. औषध फवारायचं नाही, पोरं तिथलं तोडून तोंडात घालणारच. नंतर साबणाने हात, नखांसकट. ज्याला ॲलर्जी आहे त्याला वही द्या, नोंद ठेवायला कोणीतरी लागतोच.

---

होळकर_कंपोस्ट

अरे, इंदूरच्या धाग्यावर अजून कोणी हॉवर्ड काढला नाही म्हणजे कमाल आहे.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ मध्ये इथे आले, इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री काढली, जिथे आज आपलं कृषी महाविद्यालय आहे. १९३१ पर्यंत होते. त्यांनी आणि यशवंत वाडांनी मिळून जी खताची पद्धत बसवली तिला जगभर इंदूर पद्धत म्हणतात. दोघांचं त्यावर १९३१ मध्ये पुस्तकही आलं. लंडनमध्ये लोक इंदूर म्हणजे खत समजायचे आणि आपण इंदूर म्हणजे पोहे.

पद्धत अशी की थर द्यायचे. खाली पालापाचोळा, काडीकचरा, सुका आणि हिरवा मिसळून. त्यावर शेणाचा पातळ थर, त्यावर गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख. पाणी शिंपडायचं, परत पाला. ओलं पाहिजे पण पिळल्यावर टपकता कामा नये. तीन महिन्यांत तीनदा पालटायचं, हवा आत गेली पाहिजे, नाहीतर सडून वास सुटतो. शाळेत एक लक्षात ठेवा, ढीग फार लहान केला तर तापतच नाही. निदान तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच. आठवड्याभराने पोरांना मधोमध लोखंडी सळई खुपसून ठेवायला सांगा, दहा मिनिटांनी काढून हात लावू द्या. गरम! आत कोणी आग लावली नाही मग गरम कसं? या प्रश्नावर तुमचे दोन शनिवार आरामात निघतील.

आणि ओला-सुका कचरा आपल्या पोरांना वेगळा शिकवावा लागत नाही, कचरा गाडी दारात आली की आधी तीच धावतात. फक्त गाडीत टाकल्यावर ओल्या कचऱ्याचं पुढे काय होतं हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

---

बडोदेकर_स्मिता

बडोद्याहून लिहितेय, आमच्या सोसायटीजवळच्या शाळेत मी दोन वर्षं हे केलंय. एक गंमत सांगते.

आम्ही दुधी लावला. वेल मस्त, फुलं भरपूर, फळ एक नाही. पोरांनी कारणं काढली, पाणी कमी, माती वाईट, एकाचं म्हणणं नजर लागली. मग मुलांनी फुलं तोडून रांगेत मांडली. बहुतेक फुलांना नुसता दांडा, दोन-तीन फुलांच्या मागे मात्र बोटाएवढा छोटा दुधी, त्यावर लव. नर आणि मादी. बरं, मग मधमाशी का येत नाही? दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि आमची शाळा दुपारी सुटते, म्हणजे उमललेलं फूल कोणी पाहिलेलंच नव्हतं! एक मुलगी वडिलांना घेऊन संध्याकाळी सातला गेटवर हजर, चौकीदाराशी भांडून आत गेली, नर फूल तोडून मादीवर घासलं आणि दोरा बांधून आली. तो दोरेवाला दुधी धरला. बाकीचे पिवळे पडून गळाले.

आता मी भोपळा आणि गिलकी लावते, दोघांची पिवळी फुलं सकाळीच उमलतात, पहिल्या तासाला पोरांना दिसतात.

---

पुणे_५२

गिलकी म्हणजे घोसाळं ना? (घाबरत विचारतोय)

---

बडोदेकर_स्मिता

हो 😀 माहेर इंदूरचं आहे, सुटत नाही.

---

चौथी_घंटा

मी एका छोट्या शाळेची मुख्याध्यापिका आहे, दुसऱ्या बाजूने लिहिते.

कागदावर सगळं आहे. शाळांतल्या पोषण बागांसाठी केंद्राने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, बागेतली भाजी माध्यान्ह भोजनात जावी म्हणून. २०२१ मध्ये त्या योजनेचं नाव पीएम पोषण झालं. नवीन शिक्षण धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस बिनदप्तराचे आहेत. पण रविवारी पाणी कोण घालणार हे कुठल्याच कागदात नाही. माझ्याकडे शिक्षक मोजके, त्यात कोणी कुठल्या ड्यूटीवर. आणि निरीक्षणाला फुलं लागतात हो. मी पण एकदा भाड्याने कुंड्या आणवल्या आहेत, खोटं कशाला बोलू.

रविवारच्या पाण्याचा उपाय मला आमच्या शिपाईमावशींनी दिला. मातीचे बिनरंगाचे मडके क्यारीत गळ्यापर्यंत पुरायचे, पाणी भरून झाकण ठेवायचं. मडकं पाझरत राहतं, मुळं आपणहून त्याच्याकडे वळतात, चार-पाच दिवस बघावं लागत नाही. उन्हाळ्यात थंड पाण्यासाठी घेतलेले, खाली तडा गेलेले नकोत, फक्त काठ फुटलेला असेल तर चालतो. मागच्या वर्षी संक्रांतीनंतर मुलांनी घरातली सुगडं आणून लहान कुंड्यांत तेच करून पाहिलं.

---

राजेंद्रनगरवाली

दिवाळी झाली, अपडेट देते, लांब आहे.

तीन क्याऱ्या केल्या. सिमरोलच्या मुलाला मी काहीच म्हटलं नाही, फक्त विचारलं मेथी किती खोल. सगळे गप्प, मग तो खालमानेने म्हणाला, "दोन बोटं कशाला, नुसती माती भुरभुरा." आता त्याला विचारल्याशिवाय कोणी बी पेरत नाही आणि तो जरा जास्तच भाव खातो, ते पण ठीक आहे. लसूण लावला, अडतीस पाकळ्या, सदतीस उगवल्या, एक उलटी लावली होती, ती पण उशिरा वळसा घेऊन वर आली. कबुतरांनी वाटाण्याचे कोंब साफ केले. मेथी मात्र चांगली झाली, एका जुडीचे चार भाग करून घरी नेली, कोणाच्या आईने पराठे पाठवले.

वांगी मुलीच्या हट्टाने परत लावली, सहा रोपं. २६ तारखेला त्यातलं एक माना टाकून पडलं, पाणी भरपूर असून. माळीदादा म्हणाले मी बदलून देतो. अख्खा वर्ग "नाही" म्हणून ओरडला. उपटलं तर सहज हातात आलं, मुळं कुरतडलेली, आणि मातीत एक जाड पांढरी अळी, वळून इंग्रजी सी झालेली, डोकं तपकिरी. मुलीने वहीत लिहिलं, "वांगं क्र. ४ मेलं. बदललं नाही."

आता प्रश्न, ही अळी आली कुठून? बाकीची पाच वाचवायची कशी?

---

तगारी_फावडा

हुमणी. शेणखत कुठलं घातलं होतं?

---

राजेंद्रनगरवाली

जवळच्या गोठ्यातून मीच आणलं होतं, दोन पोती. ताजंच होतं म्हणून चांगलं असेल असं वाटलं 😐

---

तगारी_फावडा

घ्या. कच्चं शेण म्हणजे हुमणीला आमंत्रण, उधईलाही (वाळवी हो). ती शेणाबरोबरच आली असणार. बाकीच्या रोपांच्या बुडाशी बोटाने हळू उकरून अळ्या वेचा, पोरांना हे काम फार आवडेल. उरलेलं कच्चं शेण वर दिसेल तेवढं काढून घ्या.

---

होळकर_कंपोस्ट

मी थर लिहून दिले होते ताई, तीन महिने, तीनदा पालटणं... असो. काढलेलं शेण फेकू नका, ढिगात घाला. मधोमध तापेल तेव्हा अंडी, अळ्या बऱ्याच मरतात, कडेचा भाग पालटताना आत घ्यायचा.

---

राजेंद्रनगरवाली

वर्गासमोर कबूल केलं की शेण मी आणलं होतं. दोन मिनिटं शांतता, मग एक मुलगा म्हणाला, "आंटी वहीत लिहायचं का?" लिहिलंय.

वेचून अकरा अळ्या निघाल्या. एक बरणीत मातीसकट ठेवलीय, भुंगा होतो का बघायचंय त्यांना. बरणी प्राचार्यांच्या टेबलावर आहे कारण वर्गाच्या खिडकीत ऊन येतं. गुरुवारी पालक सभा आहे, तोवर हलवा म्हणतायत, मुलं ऐकत नाहीयेत.

कोणाकडे जुनं, नीट कुजलेलं शेणखत आहे का? चार तगाऱ्या पुरे.

---

तगारी_फावडा

माझ्याकडे आहे, दोन वर्षांचं, चहापत्तीसारखं मोकळं झालंय. रविवारी सकाळी राऊला या, पोती आपली आणा. पोरांना आणलंत तर हरभऱ्याचे शेंडे खुडायला आहेत, फक्त जुने कपडे घालून या.